गेस्टहाऊसचा गालिचा

आमच्या घरात शॉवर कॅप कुणी डोक्यावर घालत नाही. ती आमटीच्या पातेल्यावर जाते, कापलेल्या कलिंगडावर जाते, भिजवलेल्या साबुदाण्यावर जाते. हॉटेलच्या बाथरूममध्ये साबणाशेजारी जी इलॅस्टिकची प्लास्टिक टोपी ठेवलेली असते, ती बायकोच्या मते फ्रिजसाठीच जन्माला आलेली आहे. मी टाइल्स विकायला देशोदेशी फिरतो. दर टूरला निघताना दारातली तिची सूचना ठरलेली: "पासपोर्ट घेतलास ना? आणि टोप्या आण." मी आणतो. सांगितलेलं करणं हा माझा जुना गुण आहे. त्या गुणानेच माझा घात केला.

रास अल खैमाच्या एका सिरॅमिक कारखान्यात मी एक्स्पोर्टचं काम बघतो. राहतो दुबईत, अल बर्शामध्ये, कारण मुलीची शाळा इथे आणि बायकोची नोकरीही इथे. रोज गाडीने जातो-येतो. माझ्याविषयी लोकांचं मत फार चांगलं आहे, हे मला सांगावं लागतंय, कारण पुढे ते राहणार नाही. मी मोठ्याने बोलत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या लावतो आणि भाषणाची वेळ आली की आणखी खुर्च्या आणायला जातो. दिवाळीत बिल्डिंगमधल्या दिल्लीवाल्यांकडे तीन पत्ती चालते तेव्हा सगळे पुरुष गोल बसतात आणि मी स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा टाकतो. "भाईसाब, आप तो संत आदमी हो," असं ते म्हणतात. मी मान खाली घालतो. संतासारखी.

यामागे एक गोष्ट आहे. लग्न ठरताना बायकोने मला एकच अट घातली होती. हुंडा नाही, मानपान नाही, वेगळं घर नाही. पत्ते नकोत, एवढंच. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, पत्त्यांत बुडालेले गृहस्थ. ती शाळेत असताना एक दिवस ते क्लबातून चालत घरी आले. "स्कूटर कुठंय?" असं तिच्या आईने विचारलं. "सर्व्हिसिंगला टाकलीय," ते म्हणाले. पुढे वर्षभर ती स्कूटर सर्व्हिसिंगलाच होती. गॅरेजवाल्याकडे पार्ट आला नाही, मग गॅरेजवाला गावी गेला, मग त्याच्या घरी लग्न निघालं. सासूबाई ऐकून घ्यायच्या. बायको मला ही गोष्ट सांगताना हसते, पण शेवटी नेहमी एकच वाक्य म्हणते: "स्कूटर गेली त्याचं काही नाही रे. आम्ही रोज विचारायचो आणि ते रोज सांगायचे, त्याचं वाटतं."

अट ऐकल्यावर मी लगेच हो म्हटलं. मला पत्ते येतच नव्हते. न येणाऱ्या गोष्टीचा त्याग केल्याबद्दल मला इतकी वर्षं मान मिळाला आणि मी तो घेतला.

आता खरं सांगतो. टूरवर गेलो की मी कसिनो असलेल्या हॉटेलात उतरतो. नव्या, काचेच्या, झगमगीत नव्हे. जुन्या. काठमांडूत एक आहे, नैरोबीत एक, कोलंबोत एक होतं. बायकोला मी सांगतो, कंपनीचं गेस्टहाऊस.

पहिल्यांदा काठमांडूच्या हॉटेलात गेलो ते आमच्या डीलरने खोली घेऊन ठेवली म्हणून. आत पाऊल टाकलं आणि ते पाऊल बुडालं. खाली गालिचा होता. गर्द लाल, त्यावर पिवळ्या वेली, वेलींमध्ये निळी फुलं, फुलांत पुन्हा काहीतरी हिरवं. इतका भडक की डिझायनरने डोळे मिटून रंग निवडले असावेत. मी टाइलचा माणूस. गालिचा हा आमच्या धंद्याचा शत्रू. लोकांनी गालिचे उपटून टाइल्स बसवाव्यात यावर माझं घर चालतं. पण त्या गालिच्यावरून चालताना माझ्या बुटांचा आवाज थांबला आणि मला वाटलं, कितीतरी वर्षांनी मी कुठेतरी आवाज न करता आत आलोय.

लॉबीत घड्याळ नव्हतं. मोठं झुंबर होतं, त्यातले काही दिवे गेलेले. लिफ्टचा पितळी कठडा हात लागून लागून मधोमध पातळ झालेला. कोपऱ्यात एक म्हातारा गृहस्थ कोट घालून पियानो वाजवत होता, ऐकत कुणीच नव्हतं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. टीकोझी घातलेल्या किटलीत चहा आला. पलीकडच्या दारातून मशीनचा किणकिणाट येत होता. त्या दाराशी पहारेकरी. तिथल्या कायद्याने तिथल्या माणसांना आत जाता येत नाही, फक्त परदेशी माणसांना. पहारेकऱ्याने माझा पासपोर्ट बघितला आणि अदबीने दार उघडलं. मी गार झालो. हा पासपोर्ट घेऊन मी जगभरच्या रांगांत उभा राहिलोय. बँकेचे कागद द्या, हॉटेलचं बुकिंग दाखवा, परत जाणार कशावरून ते सांगा. आणि इथे तो बघून माणूस बाजूला सरकतो आणि सलाम करतो! मी त्याला "नंतर येतो" म्हणालो आणि खुर्चीत जाऊन बसलो. तेव्हापासून मी त्याला नंतर येतो असंच सांगत आलोय.

आत गेलो नाही यात संयम वगैरे काही नव्हतं. भीती होती. टेबलावर काय करायचं असतं ते माहीत नाही, आणि शहाण्यासुरत्या माणसासारखा दिसणारा मी तिथे हसं करून घेईन, एवढीच.

दुसऱ्या टूरला पुन्हा तिथेच गेलो. रिसेप्शनवरचा माणूस म्हणाला, "वेलकम बॅक, सर." आता दुबईत हे कुणी कधी म्हणत नाही, कारण परत यायला इथे जागाच शिल्लक नसते. मी पहिल्यांदा आलो तेव्हा ज्या हॉटेलात उतरलो होतो, तिथे आता पार्किंग आहे. आम्ही पहिलं घर भाड्याने घेतलं ती इमारत पाडली. मुलीचा जन्म झाला त्या दवाखान्याच्या जागी फर्निचरचं शोरूम आहे. मुलीला दाखवायला नेलं तर तिने तिथल्या सोफ्यावर बसून सेल्फी काढला. इथे सगळं नवं असतं, आणि नवं असतानाच आणखी नव्यासाठी जागा करून देतं. मी स्वतःही व्हिसाच्या तारखेपुरता नवा होत असतो. त्या हॉटेलात मात्र झुंबरातले तेच दिवे गेलेले होते. गालिच्यावर लिफ्टजवळ एक चहाचा डाग आहे. तो दर वेळी तिथेच असतो. जग हिंडणारी माणसं असल्या जुन्या जागांना का चिकटतात, याचं उत्तर मी पुढे कधी शोधलं नाही. मी डाग बघायचो आणि मला बरं वाटायचं.

घरी व्हिडिओ कॉल करायची वेळ आली की मी बाथरूममध्ये जायचो. मागे गालिचा नको, झुंबर नको. पांढरी टाइल बरी. एकदा बायको म्हणाली, "गेस्टहाऊसची टाइल छान दिसतेय रे. आपलीच का?" मी म्हटलं, "हो." ती आमच्या स्पर्धक कंपनीची होती. एकाच उत्तरात मी बायकोशी आणि कंपनीशी, दोघांशी बेइमानी केली.

यंदाच्या रमजानमध्ये हे सगळं उघडं पडलं. आमच्या वरच्या मजल्यावर श्रीवर्धनकडचं एक मुस्लिम कुटुंब राहतं. घरातल्या कर्त्या गृहस्थांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांचा फुजैराला जहाजांना भाजीपाला आणि किराणा पुरवण्याचा धंदा आहे. रमजानमध्ये बायको त्यांच्याकडे इफ्तारला काहीतरी पाठवते आणि त्यांचं भांडं आलं तर आपलं रिकामं जात नाही, असं दोन घरांचं चाललेलं असतं. त्या शनिवारी तिने श्रीखंड केलं. काचेचं भांडं भरलं, हात लांब करून ड्रॉवरमधून हाताला येईल ती टोपी काढली, भांड्यावर चढवली आणि मुलीला वर पिटाळलं.

मी आणलेल्या टोप्या एरवी साध्या असायच्या. ही नव्हती. त्या हॉटेलने कधीतरी हौसेने छापून घेतलेल्यांपैकी होती. मुकुट, दोन सिंह, आणि खाली गोल वळणाने हॉटेलचं नाव, नावापुढे ठळकपणे "अँड कसिनो". मी ती न वाचता बॅगेत टाकली होती, सांगितलं म्हणून. ती वाचणारी मंडळी वर बसली होती, समोर खजूर घेऊन, अजानची वाट बघत.

रविवारी दुपारी भाऊ स्वतः भांडं द्यायला आले. भांड्यात सांदणं, आणि सांदणांवर तीच टोपी, धुऊन, पुसून, इस्त्री केल्यासारखी.

"भाभी, श्रीखंड एक नंबर!" ते दारातूनच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण भाऊ, तुम्ही छुपे रुस्तम निघालात. आमच्या हिने चष्मा लावून टोपी वाचली. म्हणते, रमजानात कसिनोच्या टोपीखालचं खाल्लं, आता आपला रोजा कुठल्या खात्यात?"

"छे छे, भाऊ, ते..." मी म्हणालो.

"अहो मस्करी करतोय! हबीबी, टोपीला काय कळतंय?" त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मुलीने तेवढ्यात टोपी उचलून उजेडात धरली होती.

"बाबा. सीरियसली? यू स्टे अॅट अ कसिनो?"

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.

भाऊंना स्कूटरची गोष्ट माहीत नव्हती. पण ते व्यापारी माणूस, हवा ओळखतात. "यल्ला, मी निघतो, गाडी डबल पार्क केलीय," म्हणाले आणि गेले. त्यांची गाडी तळघरात असते.

बायको हात पुसत बाहेर आली. तिने टोपी घेतली, वाचली, आणि नीट घडी घालून टेबलावर ठेवली.

"अहो," ती म्हणाली.

लोकांसमोर ती मला अहो म्हणते आणि घरात अरे. घरात आम्ही तिघंच असताना ती अहो म्हणाली की समजून जायचं.

"कंपनीने बुक केलं होतं," मी म्हणालो.

"एकदा?"

"एकदा... म्हणजे..."

"गेस्टहाऊस म्हणत होतात ते हेच?"

न बोलण्यात मी हुशार आहे, पण त्या दिवशी त्याचा काही उपयोग नव्हता.

"म्हणजे तुमचीही स्कूटर सर्व्हिसिंगला गेली होती तर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. खुर्ची ओढून ती बसली, आणि एकदम थकलेली दिसली, तिच्या आईसारखी.

"मी खेळलो नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. शपथ."

"बाबाही शपथच घ्यायचे."

"अगं, मी आत गेलोच नाही. बाहेर बसतो."

"बाहेर बसून काय करता?"

"चहा पितो."

"चहा."

"आणि..." इथे मला खरंच लाज वाटली. "आणि गालिचा बघतो."

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "ओ माय गॉड. दॅट्स सो मच वर्स."

मी सगळं सांगितलं. पाऊल कसं बुडतं ते, गेलेले दिवे, पियानोवाला, डाग, सलाम करणारा पहारेकरी, वेलकम बॅक. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की जुगार खेळलो असतो तर बरं झालं असतं. जुगाराला नाव तरी आहे. बायको मला ओरडली असती, मी रडलो असतो, आम्हाला काय करायचं ते कळलं असतं. पण गालिच्यासाठी इतकी वर्षं बायकोशी खोटं बोललेल्या माणसाचं काय करतात?

ती ऐकत होती. चहाचा विषय आला तेव्हा सवयीने तिने विचारलं, "केवढ्याला पडतो?" मी सांगितलं. तिने मनात दिरहमचे रुपये केले आणि तोंड वाकडं केलं. मग उठून मुलीच्या खोलीत गेली.

परत आली ती हातात पत्त्यांचा कॅट घेऊन. मुलगी लहान असताना विमानात तिला मिळालेला, बोटाएवढा, अजून सेलोफेनमध्ये गुंडाळलेला. आमच्या घरात पत्ते एवढेच. तिने सेलोफेन फाडलं.

"बसा."

मी बसलो. ती पत्ते पिसायला लागली. मी तिचं ते रूप कधी पाहिलं नव्हतं. पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात सरसरत गेले, दोन भाग झाले, एकमेकांत शिरले, कमानीसारखे उठले आणि बसले. मुलीने कानातला इअरफोन काढला. बायकोने टेबलाकडे न बघता पानं वाटली. तेरा तिला, तेरा मला.

"रमी. लावा."

मी पानं उचलली. तीन खाली पडली. उरलेली पंख्यासारखी धरायचा प्रयत्न केला तर मधलीच सटकली. कसंबसं लावून मी विचारलं, "लाल लाल एकीकडे ठेवायचं ना?"

"कुठलं लाल?"

"हे बदाम आणि हे... ते दुसरं लाल."

"चौकट."

"हां. ही दोन्ही मिळून चालतात का?" आणि तिला नीट दिसावं म्हणून मी सगळी पानं तिच्याकडे वळवून दाखवली.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. टेबलावर डोकं ठेवून हसली. मुलगीही हसली. मीही हसलो असतो, पण हातातली पानं सांभाळण्यात गुंतलो होतो.

"हा माणूस जुगार खेळला असता ना," ती डोळे पुसत मुलीला म्हणाली, "तर आपण त्याच आठवड्यात रस्त्यावर आलो असतो. नाही, नाही. हा खेळलेला नाही."

मी सुटलो. माझ्या चारित्र्यामुळे नव्हे, माझ्या मठ्ठपणामुळे. इतक्या वर्षांच्या संतपणाचा असा हिशेब लागला.

मुलगी वर सांदणांची रेसिपी विचारायला गेली, खरं तर चहाड्या करायला. मी पानं गोळा करत विचारलं, "तू हे कुठे शिकलीस?"

"बाबांकडे चौथा कमी पडला की मला बसवायचे. आईला सांगायचं नाही म्हणायचे."

"जिंकायचीस?"

तिने माझ्या हातातली पानं घेतली आणि पुन्हा पिसली, या वेळी सावकाश. "मला फार आवडायचं रे," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त तेच आवडायचं. तुला काय वाटलं, ती अट मी तुझ्यासाठी घातली होती?"

तेवढ्या वेळात ती पुन्हा अरेवर आली होती. दिवाळीत सगळे पुरुष गोल बसायचे तेव्हा ती बायकांत, त्या खोलीकडे पाठ करून का बसायची, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी आपला चहात साखर टाकत, आपलं कौतुक ऐकत होतो.

"जुगाराचं माफ," ती म्हणाली आणि कॅट डब्यात ठेवला. "स्कूटरचं नाही. ते लक्षात ठेव."

"हो."

"आणि यापुढे बाथरूममधून फोन करायचा नाही."

ईदनंतर काठमांडूची टूर आली. आमच्या कारखान्याच्या रस्त्यावरून हल्ली समुद्रातल्या बेटावर एक मोठं हॉटेल उभं राहताना दिसतं. त्यात कसिनो असणार म्हणतात, आणि आमचे सेल्सवाले त्याच्या टाइल्सची ऑर्डर मिळावी म्हणून हात जोडून बसलेत. मला त्याचं काही आकर्षण वाटत नाही. त्याच्या कठड्याला पातळ व्हायला फार वर्षं लागतील, आणि तोवर आम्ही इथे नसू. पण त्या दिवशी विमानतळावर जाताना मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं ते घरापासून लांब आहे. ही काळजी माझ्यासाठी नव्हती.

काठमांडूत पोचलो, चहा मागवला आणि लॉबीतच बसून घरी व्हिडिओ कॉल लावला. रिसेप्शनवरच्या माणसाने दुरून हात केला. स्क्रीनवर आमचं स्वयंपाकघर दिसलं, ओट्यावर झाकलेलं पातेलं, आणि बायको.

"आधी खाली धर," ती म्हणाली. "गालिचा बघू दे."

मी फोन खाली धरला. ती बराच वेळ बघत होती.

"किती घाण रंग आहेत रे!"

"हो ना?" मी आनंदाने म्हणालो.

"आणि तो डाग?"

मी लिफ्टजवळ गेलो, डाग दाखवला. झुंबर दाखवलं. पियानोवाला दाखवला, त्याने बिचाऱ्याने मान झुकवली. मी तिला माझं घर दाखवावं तसा फिरत होतो. फिरता फिरता त्या दाराजवळ आलो, आणि कुणीतरी बाहेर पडलं म्हणून दार उघडलं. आतला किणकिणाट एकदम मोठा झाला.

ती स्क्रीनकडे वाकली.

"तेच का ते?" तिने विचारलं.

"हो."

"तिकडे वळव जरा."

मी वळवायला लागलो. दारातून हिरव्या कापडाचं एक टेबल दिसत होतं, आणि पानं वाटणारा हात.

"नको," ती म्हणाली. "नको, थांब."

मी फोन छातीशी धरला आणि गालिच्यावरून चालायला लागलो, किणकिणाट ऐकू येणार नाही इतका लांब, पार मागच्या व्हरांड्यापर्यंत. पहारेकरी माझ्याकडे बघून सलाम करत होता. मी या वेळी त्याला नंतर येतो म्हणालो नाही.

व्हरांड्यात पोचल्यावर फोन तोंडासमोर घेतला. ती तिथेच होती, ओट्याला टेकून.

"गेला आवाज?" मी विचारलं.

"गेला," ती म्हणाली. "बस तिथेच. तुझा चहा आला की दाखव मला."